रविवारचं टिपण आता थांबवू का?

पत्र:

सप्रेम नमस्कार.

गेली अकरा वर्षं मी दर रविवारी विज्ञानावर एक छोटं टिपण लिहून वाचकांसमोर ठेवते. सहाशे-सातशे शब्दांचं. आजवर साडेचारशेच्या वर झाली. कृष्णविवरापासून कानातल्या मळापर्यंत कुठलाच विषय वर्ज्य नाही. शिक्षण रसायनशास्त्राचं, नोकरी वेगळीच, त्यामुळे लिहिणं रात्री नाहीतर सुटीच्या दिवशी. सुरुवातीला एका टिपणाला तीन संध्याकाळी लागायच्या. हल्ली दोन तासांत हातावेगळं होतं, लोकांना आवडतंही. पण माझंच मन त्यात रमत नाही. एकाच विषयावर काहीतरी मोठं, मुळाशी जाणारं लिहावं असं दोन वर्षं घोळतंय. पण विषय कोणता, तेच ठरत नाही. मला सगळंच आवडतं. माझी स्वतःची लाडकी टिपणं विचाराल तर: पहिल्या पावसाचा वास, स्ट्रेप्टोमायसिन या क्षयरोगावरच्या औषधाचा शोध, शनीची कडी, डार्विननं म्हातारपणी गांडुळांवर केलेलं काम, शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठी, झोपेत मेंदू काय करतो ते, आणि जमिनीत साठलेला कार्बन. यातून कुठला एक विषय निघणार? शिवाय मी कशातलीच तज्ज्ञ नाही. आणि खरं सांगायचं तर, रविवारचं टिपण बंद केलं की लोक मला विसरतील, ही धास्ती आहे. थांबवू का?

— एक टिपणकार

उत्तर:

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. तुमच्या लाडक्या टिपणांच्या यादीपाशी थांबले आणि एकेका नावाखाली रेघ मारत गेले. सातांपैकी पाच नावांखाली रेघ आली. तुमच्याकडेही ती यादी असेल, तर शनी आणि झोप बाजूला ठेवून उरलेली पाच नावं एकदा सलग वाचा.

पहिल्या पावसाचा वास येतो तो मुख्यतः मातीतल्या जिवाणूंनी तयार केलेल्या जिओस्मिन या रसायनामुळे. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं ते मातीतल्याच जिवाणूत. गांडुळं मातीतली. मुळांवरच्या गाठींमध्ये राहून हवेतला नायट्रोजन झाडाला पुरवणारे जिवाणू मातीतले. आणि कार्बन तर तुम्ही स्वतःच ‘जमिनीत साठलेला’ म्हटलाय. अकरा वर्षं तुम्ही आकाशापासून मेंदूपर्यंत सगळीकडे हिंडलात आणि मन रमलं ते पुन्हा पुन्हा मातीत. ही टिपणं एकापाठोपाठ लिहिली नसणार, मध्ये वर्षं गेली असतील, म्हणून तुमच्या ते लक्षात आलं नाही. विषय ठरत नाही असं तुम्ही म्हणता. मला तर तो तुमच्याच अक्षरात लिहिलेला दिसतो.

त्यातली पहिली दोन टिपणं तर सख्खी भावंडं आहेत. जिओस्मिन बनवणाऱ्या जिवाणूंमध्ये स्ट्रेप्टोमायसिस हा गट सर्वांत ओळखीचा, आणि क्षयरोगावरचं ते पहिलं प्रभावी प्रतिजैविक दिलं तेही याच गटातल्या जिवाणूनं. म्हणजे ओल्या मातीचा वास घेताना आपण ज्या जिवाणूंची चाहूल घेतो, त्यांच्याच कुळानं असंख्य क्षयरोग्यांचे प्राण वाचवले. तुमच्या दोन टिपणांत ही दोन टोकं सुटी पडून आहेत. त्यांची गाठ सहाशे शब्दांत मारता येत नाही, तिला जागा लागते.

तेव्हा हो, थांबवा. का थांबवायचं, याबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहिते. कारण नीट उमगलं नसेल, तर तीन महिन्यांनी तुम्ही हळूच पुन्हा टिपण लिहायला बसाल.

तुमच्या पत्रातलं मला सर्वांत खरं वाटलेलं वाक्य म्हणजे, तीन संध्याकाळींचं काम आता दोन तासांत होतं. बहुतेकांना ही प्रगती वाटेल. काही अंशी आहेही; हात बसला आहे, भाषा सुटसुटीत झाली आहे. पण त्या तीन संध्याकाळींत तुम्ही काय करत होतात? मला वाटतं, न समजलेल्या गोष्टीशी झटत होतात. एखादा शोधनिबंध उघडायचा, अर्धा डोक्यावरून जायचा, मग त्यात उल्लेखलेला दुसरा शोधायचा. आता समजायला किती वेळ लागेल याचा अंदाज आधीच येतो, आणि दोन तासांत बसेल तोच विषय हात आपोआप उचलतो. यात आळसाचा भाग मुळीच नाही. दर आठवड्याच्या लिखाणाचा तो स्वभावच आहे. रविवारी टिपण जायचं असेल तर शनिवारी रात्रीपर्यंत त्याला शेवट हवा, म्हणजे उत्तर हवं. ज्याचं उत्तर अजून कुणाकडेच नाही, किंवा ज्याची तीन उत्तरं आपसांत भांडतायत, तो प्रश्न शनिवारी रात्री बाजूला पडतो. अकरा वर्षांत असे कितीतरी प्रश्न तुमच्या टेबलावरून परत गेले असतील. तुमचं मन अडकलंय ते त्यांच्यात, असा माझा कयास आहे.

पावसाच्या वासाचंच घ्या. तुमचं टिपण मी वाचलेलं नाही, पण सहाशे शब्दांत काय मावतं ते मला ठाऊक आहे. १९६४ मध्ये इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात या वासाला पेट्रिकोर हे नाव दिलं, ग्रीकमधले दगड आणि देवांच्या नसांतून वाहणारा द्रव यांच्यासाठीचे शब्द जोडून. कोरड्या दिवसांत खडकांवर आणि चिकणमातीत साठलेलं तेल, त्यात जिओस्मिनची भर. हजार अब्ज भागांत जिओस्मिनचे मोजके भाग असले तरी माणसाच्या नाकाला ते कळतं, हे वाक्य टाकलं की वाचक थक्क होतो. टिपण संपलं. छान टिपण झालं.

खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. हा वास बनवायला जिवाणू आपली शक्ती का खर्च करतो? आपल्या नाकासाठी तर नक्कीच नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं की स्प्रिंगटेल नावाचे मातीतले इवलेसे सहा पायांचे जीव या वासाकडे ओढले जातात, ते जिवाणू खातात, आणि त्यांच्या अंगाला चिकटून व विष्ठेतून जिवाणूंचे बीजाणू दुसरीकडे पोचतात. फुलानं मधमाशीला बोलवावं, तसं. मग पुढचे प्रश्न येतात. हे नातं किती जुनं? माणसाचं नाक याच एका रेणूला इतकं तीक्ष्ण का? पावसाचा थेंब पडला की तो वास हवेत चढतो कसा? या शेवटच्या प्रश्नावर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यानं चित्रण केलं. थेंब सच्छिद्र पृष्ठभागावर आपटतो, त्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटतात आणि बारीक तुषार हवेत उडतात. इथवर आलं की आपण जिवाणूशास्त्रातून प्राण्यांच्या वर्तनात आणि तिथून द्रवांच्या भौतिकशास्त्रात पोचलेले असतो, आणि पायाखालची माती तीच असते. लांब पल्ल्याच्या लिखाणाचं हे सुख आहे. विषय एकच राहतो, आणि त्याच्या निमित्तानं सगळी शास्त्रं एकेक करून तुमच्या दारी येतात. ‘मला सगळंच आवडतं’ ही तुमची अडचण नाहीच. एक विषय धरलात तर त्या सगळ्याच्या सगळ्या आवडी कामी येतील.

हे दोन्ही एकत्र करता येणार नाही का, असं तुमच्या मनात येईल. करणारे झालेत. स्टीफन जे गूल्डनं जानेवारी १९७४ पासून जानेवारी २००१ पर्यंत एकही महिना न चुकवता ३०० निबंध लिहिले, आणि उत्क्रांतीच्या सिद्धांतावरचा त्याचा चौदाशेहून जास्त पानांचा ग्रंथ २००२ मध्ये आला. पण त्याचं सदर मासिक होतं, आणि पुराजीवशास्त्र हा त्याचा दिवसाचा व्यवसायच होता. तुमची नोकरी वेगळी आहे, हातात फक्त रात्री आणि सुट्या आहेत. त्यातून दर आठवड्याचं टिपण वजा केलं नाही, तर मोठ्या कामाला उरेल ती झोपेतून चोरलेली वेळ. तशा वेळेत माहिती गोळा होते, पण विचार होत नाही. टिपण पंधरवड्यावर किंवा महिन्यावर आणा, असंही मी सांगणार नाही. अर्धवट चालू ठेवलेलं काम पूर्ण कामाइतकंच डोक्यात बसतं.

तज्ज्ञ नसण्याचं म्हणाल, तर मार्टिन गार्डनरनं १९५७ पासून सुमारे पाव शतक ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये गणिताच्या गमतींचं सदर चालवलं. तो कॉलेजात शिकला होता तत्त्वज्ञान. व्यावसायिक गणितज्ञ त्याच्याशी पत्रव्यवहार करत, कारण तो नेमकं आणि प्रामाणिकपणे विचारत असे. रेचल कार्सन प्राणिशास्त्र शिकलेली, समुद्रावर लिहिणारी. कीटकनाशकांवरच्या पुस्तकाला तिनं चार वर्षं दिली, आणि १९६२ मध्ये ते आलं तेव्हा शेवटी नुसती संदर्भांचीच पन्नासहून जास्त पानं होती. टीका कुठून येणार हे तिला माहीत होतं, आणि तिनं प्रत्येक विधानाला पाया दिला. बाहेरच्या माणसाला हा मार्ग खुला असतो. तुम्हाला रसायनशास्त्र येतं, म्हणजे मातीच्या निम्म्या गोष्टी तुम्हाला मूळ शोधनिबंधातून वाचता येतील. उरलेल्या निम्म्यांसाठी मृदाशास्त्रज्ञांना गाठा, पण आधी त्यांचं लिहिलेलं वाचून जा. ‘मातीबद्दल सांगा’ म्हणणाऱ्याला फारसं कुणी काही सांगत नाही. ‘तुमच्या निबंधातल्या दुसऱ्या आकृतीत हा बिंदू रेषेबाहेर का आहे’ असं विचारणाऱ्याला ते अख्खी दुपार देतात. हे मी प्रत्यक्ष पाहिलंय.

आता लोक विसरतील त्याबद्दल.

काही विसरतील. इथे खोटा धीर देणं मला बरं वाटत नाही. मी स्वतः सात वर्षं तारे-ग्रहांवर दरमहा लिहीत होते. थांबले तेव्हा कुणाला काही सांगितलं नाही, कारण सांगायला संकोच वाटला. ‘हा महिना राहू दे’ म्हणत तीन महिने गेले आणि सदर आपोआप बंद पडलं. त्यानंतर एका बाईंचं पत्र आलं. दर महिन्याला माझा मजकूर हातात घेऊन मुलीबरोबर गच्चीवर जात असत त्या. त्यांनी विचारलं होतं, तुमची तब्येत बरी आहे ना? ते पत्र हातात धरून मी किती वेळ बसले होते ते आठवत नाही, पण आजही त्या अक्षराचा तिरपेपणा डोळ्यांसमोर आहे. मी त्यांना विसरण्याचीसुद्धा संधी दिली नव्हती. नुसतं ताटकळत ठेवलं होतं.

म्हणून तुम्हाला सांगते, नीट सांगून थांबा. कोणत्या रविवारी शेवटचं टिपण येईल ते चार आठवडे आधी लिहा. का थांबताय तेही सांगा, सरळ, माफी न मागता. पुढचं काम मातीवर आहे एवढं सांगितलंत तरी चालेल. पण ते कधी पुरं होईल याची तारीख देऊ नका. दिलेली तारीख हुकली की लिहिणाऱ्याला अपराधी वाटायला लागतं, आणि अपराधी मनानं लिहिलेलं पान घाईचं होतं.

त्यानंतरचे पहिले तीन-चार रविवार जड जातील. अकरा वर्षं दर आठवड्याला कुणीतरी ‘वाचलं, आवडलं’ म्हणत होतं, ते एकदम थांबेल. मोठ्या लिखाणात कौतुक करायला कुणी नसतं, कारण दाखवण्यासारखं काही तयार नसतं. याला माझ्याकडे एकच उपाय आहे: एक माणूस धरा. वाचक म्हणून नव्हे, विचारणारा म्हणून. महिन्यातून एकदा त्याच्यासमोर बसायचं आणि या महिन्यात काय कळलं नाही ते सांगायचं. काय कळलं ते नको. ते सांगायला लागलात की पुन्हा टिपण सुरू होईल.

रविवारची ती वेळ मात्र सोडू नका. अकरा वर्षांत तुम्ही कमावलेली खरी मिळकत ती आहे. पुष्कळांना ती आयुष्यभर जमत नाही. तीच वेळ, तीच खुर्ची, फक्त समोर वही. डाव्या पानावर प्रश्न, उजवं पान मोकळं. उजवी पानं दोन-दोन महिने मोकळी राहिली तरी राहू देत.

जुन्या टिपणांचं काय करायचं ते तुम्ही विचारलेलं नाही, पण ते राहून जायला नको. ती काढून टाकू नका. कुणीतरी कधीतरी मुळांवरच्या गाठींबद्दल शोधत येईल, त्याला ती मिळायला हवीत. प्रत्येकावर लिहिल्याची तारीख ठळक घाला. तुम्ही २०१६ च्या आधी गुरुत्वीय लहरींवर लिहिलं असेल, तर ‘त्या अजून थेट टिपता आलेल्या नाहीत’ हे वाक्य तेव्हा बरोबर होतं, आज चूक आहे. साडेचारशे टिपणं सुधारत बसू नका, त्यात वर्ष जाईल. तारीख पाहून वाचक समजून घेतो. आणि आणखी एक: मातीची ती पाच टिपणं जोडून पहिलं प्रकरण करायचा मोह होईल, तो आवरा. प्रत्येक टिपण आपापल्या शेवटाकडे धावलेलं आहे. ती एका माळेत ओवलीत तर पाच ठिकाणी वाचकाला वाटेल की आता संपलं. ती उशाशी ठेवा आणि पहिलं पान कोरं घ्या.

एका टिपणाचं मात्र वेगळं आहे. ‘डार्विननं म्हातारपणी गांडुळांवर केलेलं काम’ असं तुम्ही लिहिलंय. गांडुळांवरचं त्याचं पुस्तक १८८१ चं, मृत्यूच्या आदल्या वर्षीचं, हे खरं. पण याच विषयावरचा त्याचा पहिला निबंध लंडनच्या भूशास्त्रीय सोसायटीत वाचला गेला १ नोव्हेंबर १८३७ ला. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. मामानं त्याला एक शेत दाखवलं होतं. काही वर्षांपूर्वी वर पसरलेला चुना आणि राख आता गवताखाली काही इंच खाली गेली होती, आणि मामाचा संशय गांडुळांवर होता. डार्विनचाही बसला. १८४२ मध्ये त्यानं आपल्या घराजवळच्या शेताच्या एका भागावर खडूचे तुकडे पसरून ठेवले आणि वाट पाहिली. १८७१ मध्ये, २९ वर्षांनी, तिथे चर खणला. जमिनीखाली सात इंचांवर खडूच्या तुकड्यांची पांढरी रेघ होती. गांडुळांनी खालची माती वर आणून टाकत टाकत तेवढा थर चढवला होता. मधल्या काळात त्यानं आठ वर्षं बार्नॅकल या शिंपल्यासारख्या दिसणाऱ्या सागरी प्राण्यांना दिली, उत्क्रांतीवरचा ग्रंथ लिहिला, आजारपणं काढली. खडू जमिनीत हळूहळू खाली जात राहिला.

म्हणजे गांडुळं हा म्हातारपणचा छंद नव्हता. तो चव्वेचाळीस वर्षं मनात ठेवलेला प्रश्न होता. टिपण लिहिताना दोन तासांत तुम्हाला १८८१ सापडलं, १८३७ सापडलं नाही.

तुमचं शेवटचं टिपण हेच असू द्या. जुन्यातली चूक दुरुस्त करा, खडूच्या रेघेची गोष्ट सांगा, आणि खाली लिहा की तुम्ही आता मातीकडे निघालात. चर खणायच्या आधी डार्विनला ती रेघ किती खोल सापडेल असं वाटत होतं, हे मला कधीपासून जाणून घ्यायचं आहे. तुम्हाला कुठे सापडलं, तर मला नक्की कळवा.